बिनसामन्यांचा उन्हाळा

परवा संध्याकाळी बंद गिरणीमागच्या मैदानावरून घरी येताना पाहिलं, गोलपोस्टच्या जाळ्या काढून नेल्या होत्या. नुसते पांढरे खांब उभे होते आणि त्यातल्या एकाला कुणाची तरी शेळी अंग घासत होती. म्हणजे लीग संपली. आता थंडी पडेपर्यंत सामना नाही. आमच्या सोलापुरात उन्हाळा आलाय हे कॅलेंडर बघून कळत नाही. डांबर चपलेला चिकटायला लागतं, नळाचं पाणी आणखी एका दिवसानं लांबतं, खिडक्यांवर भिजवलेल्या चादरी चढतात. माझ्यासाठी मात्र गेली काही वर्षं उन्हाळ्याची खूण म्हणजे या बिनजाळीच्या चौकटी. त्या दिसल्या की मला तो एक उन्हाळा आठवतो. मग घरी येऊन पाणी प्यायलं, पंखा लावला, तरी तो डोक्यातून जात नाही.

त्या वर्षी मी निवृत्त झाले होते. मुलींच्या शाळेत सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात गेली. शिक्षकाला उन्हाळ्याची सुट्टी काही नवी नसते, पण त्या सुट्टीला पलीकडचा काठ असतो, जूनचा. नवी पुस्तकं, नव्या वेण्या, पहिल्या बाकासाठीची भांडणं. त्या वर्षी पहिल्यांदा काठ नसलेली सुट्टी समोर आली. एप्रिलमधली जयंती झाली, गल्लीतल्या निळ्या पताका उतरल्या, मुंबई-पुण्याचे पाहुणे गेले आणि घर एकदम गप्प झालं. दुपारी जेवण झालं की आमचे हे पंख्याखाली घोरायला लागत. मी पुसलेल्या ओलसर फरशीवर उशी टाकून पडायची आणि मागच्या गल्लीतल्या मागांचा खडखडाट ऐकत राहायची. माग थांबले की कळायचं, वीज गेली. पुन्हा सुरू झाले की कळायचं, आली. त्या दिवसांत माझ्या आयुष्यात घडणारी मोठी घटना तेवढीच.

ते माग व्यंकटअण्णांचे. टॉवेल विणायचे. अण्णांचं घराणं तेलुगू, तीन पिढ्या सोलापुरात. तरुणपणी ते गोलकीपर होते. एका सामन्यात डाव्या हाताचं मधलं बोट मोडलं, ते अजून वाकडंच आहे, आणि बोलताना ते बोट हवेत नाचवायची त्यांना सवय. आमच्या शहरात पगारावर खेळणाऱ्या मुलींचा फुटबॉल संघ उभा राहिला, देशातल्या दुसऱ्या फळीच्या लीगमध्ये खेळायला लागला, तेव्हा अण्णांना जणू दुसरं तारुण्य फुटलं. कारखान्याच्या पुढच्या खोलीत, टॉवेलच्या गठ्ठ्यावर मोबाइल टेकवून ते रोज संध्याकाळी एक गप्पांचा कार्यक्रम करत. नाव ‘मैदानकट्टा’. लोक मोबाइलवर बघत, फोन करत, भांडत. त्यांच्याबरोबर बसणारा तरुण नोकरीसाठी पुण्याला गेला आणि अण्णा एका दुपारी आमच्या दारात उभे राहिले.

“बाई, आता रिकाम्या आहात की.”

“रिकामी नाही अण्णा, निवृत्त.”

“तेच की. संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसा. एकटाच बोलतो तर लोकांना वाटतं, म्हातारा भिंतीशी भांडतोय.”

“मला फुटबॉलमधलं काही म्हणजे काही कळत नाही.”

“लई छान. कळणारे सगळे फोन करतात. न कळणारं एक माणूस पाहिजे, विचारायला.”

“पण सामने तर संपलेत. आता बोलायचं काय?”

अण्णांनी वाकडं बोट वर केलं. “सामने असले की पोरी खेळतात, बाई. सामने नसले की गाव खेळतं. या तर खरं.”

मी गेले. त्या खोलीला नव्या सुताचा आणि खळीचा वास असायचा. टेबलफॅनच्या जाळीवर कापसाची तूस साचलेली, तिच्यातून जेवढं येईल तेवढं वारं. वहिनी ताकाचे पेले आणून ठेवायच्या. अण्णा गळ्याभोवती ओला टॉवेल गुंडाळून बसायचे आणि फोन सुरू व्हायचे.

ऑफसीझन म्हणजे काय, ते मला त्या आठवड्यात कळलं. तो अफवांचा हंगाम. कोच मॅडम गोव्याला परत चालल्यात. नाही, त्यांचं सामान इथंच आहे, दूधवाल्यानं पाहिलंय. मधल्या फळीतली मुलगी केरळच्या संघानं पळवली. एकानं तर शपथेवर सांगितलं की बंगालची सहा फुटी गोलकीपर सोलापूर स्टेशनवर उतरली, पाठीवर मोठी बॅग, पायात स्पोर्टशूज. दोन संध्याकाळी आम्ही त्या मुलीवर बोललो. तिला कोणत्या नंबरची जर्सी द्यावी, यावर साखर पेठ आणि अशोक चौक यांच्यात भांडण झालं. तिसऱ्या दिवशी एका गृहस्थांचा फोन आला. फार संकोचून म्हणाले, “ती माझी मेहुणी आहे हो. लग्नाला आलीय. बँकेत असते.” अण्णा इतके हसले की ताकाचा पेला लवंडला.

पण सगळं बोलणं शेवटी एका नावाशी येऊन थांबायचं. रेश्मा.

रेश्मा डाव्या बाजूनं खेळायची. उजनी धरणाच्या पाण्याकाठी, करमाळा तालुक्यातल्या एका गावची. घर मासेमारी करणारं. हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, जो जिंकला असता तर आपला संघ वरच्या फळीत गेला असता, त्यात तिचा गुडघा गेला. मी तो सामना पाहिला नव्हता. अण्णांनी मोबाइलवर दाखवला. कुणी तिला धक्का दिला नव्हता की पाय घातला नव्हता. ती एकटीच वेगात वळली आणि खाली बसली. बसली ती उठलीच नाही. पुण्यात ऑपरेशन झालं. संघाशी असलेला तिचा करार हंगामापुरताच होता आणि नव्या करारावर संघवाले काही बोलत नव्हते. म्हणून सारा उन्हाळा सोलापूर एकाच प्रश्नावर बोलत होतं, ठेवायचं की सोडायचं?

विजापूर वेशीतले एक रिक्षावाले चाचा रोज फोन करायचे. “अण्णा, बच्ची अच्छी है, खेलती भी अच्छा. लेकिन घुटना गया तो गया समझो.” दुसरा कुणी म्हणायचा, तिच्या जागी दोन नव्या पोरी येतील. कुणी म्हणायचा, भावनेवर संघ चालत नाही. मी ऐकत राहायची. मला त्या बोलण्यात वाईट असं काही वाटत नव्हतं. लोक ज्वारीच्या भावाबद्दल बोलावं तसं बोलत होते.

आणि एका संध्याकाळी बाईमाणसाचा आवाज आला. मागं कुठंतरी मोटारपंप घरघरत होता.

“मी करमाळ्याकडनं बोलतीया.”

“बोला ताई. नाव काय आपलं?”

“नावाचं काय करायचं हाय? माझं एवढंच म्हणणं हाय, ती पोरगी डावीकडं नसली तर मधल्या पोरीला चेंडू देणार कोण? तुमी समदी गोल मारणारीचं नाव घेता. देणारीचं कुणी घेतंय का?”

अण्णांचं वाकडं बोट हवेतच राहिलं. एवढं सोपं आणि एवढं नेमकं त्या खोलीत कुणी बोललं नव्हतं.

त्यानंतर दर दोन-चार दिवसांनी ताईंचा फोन यायला लागला. कधी मागं पंप, कधी पाणपक्ष्यांचा कलकलाट, कधी नुसताच वारा. त्या चाचांनाही सोडत नसत. “गुडगा गेला म्हंता, तुमची रिक्षा कितींदा गॅरेजला गेली? भंगारात घातली का?” चाचा खूश. लोक ताईंच्या फोनची वाट बघू लागले. मीही. मला कळेना ते त्यांचं बोलणं ऐकून कळायला लागलं. घरी शाळेचा एक गुंडाळता फळा होता, तो मी भिंतीवर टांगला आणि त्यावर मैदान काढलं. आमचे हे झोपेतून उठून म्हणाले, “हा कुठला देश?”

जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळची गोष्ट. मी त्या सकाळला महिनाभर भीत होते. घंटा आमच्या घरापर्यंत ऐकू येते. ती ऐकून काय वाटेल, कुणास ठाऊक. त्या दिवशी मी फळ्यासमोर उभी राहून ऑफसाइडचा नियम स्वतःला समजावत होते, खडूनं बाण काढत, पुसत. बराच वेळ गेला. मग लक्षात आलं, घंटा होऊन गेली. मी ऐकलीसुद्धा नव्हती. मी खडू हातात धरून तशीच खुर्चीवर बसले आणि मला एकटीलाच हसू आलं.

त्याच आठवड्यात कट्ट्यावर एक नवा माणूस आला, म्हणजे त्याचा फोन. आवाज तरुण, बोलणं चढेल. म्हणाला, “लंगडी घोडी पोसायला संघ काय धर्मशाळा आहे?” पलीकडून दोघं-तिघं हसल्याचंही ऐकू आलं. अण्णांनी फोन तोडला आणि कॅमेऱ्याकडं बघून म्हणाले, “असं बोलायचं नाही. आपल्या पोरी आहेत त्या.” कार्यक्रम पुढं चालू राहिला, पण सगळ्यांचा सूर उतरला होता.

ताईंचा फोन यायचा बंद झाला. रोज संध्याकाळी मी मोबाइलकडं बघायची. अण्णाही बघायचे, फक्त बोलायचे नाहीत. मग एकदा कार्यक्रम संपवून अण्णा मोबाइल गठ्ठ्यावरून उचलत होते, तेवढ्यात तो वाजला.

“आता ते चालू हाय का बंद?”

“बंद आहे ताई. फक्त मी आणि बाई आहोत.”

“मग सांगते.” त्यांनी आवाज खाली आणला. “मी रेश्माची आई. सुमन. ती समदं ऐकती वो. माझ्याच फोनवर तुमचं लावती आन ऐकत बसती. त्या पोराचं बी ऐकलं. काल म्हणाली, आई, लोकं खरंच बोलत्यात. बूट देऊन टाकते कुणाला तरी. डॉक्टरनं सांगितल्यालं पाण्यात चालायचं, ते बी बंद केलंय.”

अण्णांनी टेबलफॅन बंद केला, पुन्हा लावला. मग म्हणाले, “ताई, उद्या सकाळी येतो. चालेल?”

“या की. मासं खाता न्हवं?”

सकाळी ऊन चढायच्या आत निघालो. मोहोळ गेलं, टेंभुर्णी आली, तिथून आत वळलो. ऊस, केळी, पुन्हा ऊस. पाऊस अजून यायचा होता. धरणाचं पाणी खूप मागं हटलं होतं. जिथवर पाणी होतं तिथवर आता भेगाळलेला गाळ. शेतकऱ्यांनी मोटारी पाण्याच्या मागं मागं नेलेल्या, पाइपांवर पाइप जोडलेले, त्यांच्या काळ्या रांगा दूरवर पसरलेल्या. पुस्तकात मी जलाशय निळ्या रंगानं दाखवला होता, वर्षानुवर्षं. तो असा श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होतो, हे कधी वर्गात सांगितलं नव्हतं.

सुमनताई दाराशी उभ्या होत्या. उन्हानं रापलेल्या, सडसडीत. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचलेला. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, “तुमीच व्हय भूगोलाच्या बाई? आवाज केवढा हाय, आन अंग एवढंसंच निघालं.”

रेश्मा मागच्या पडवीत भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. मांडीवर फाटलेलं जाळं, हातात सुई. मान वर न करता म्हणाली, “कट्टावाले ना तुम्ही? आता काय विचारायचं राहिलंय?”

अण्णा, जे रोज संध्याकाळी अखंड बोलतात, ते गप्प. पडवीच्या खांबाला धरून उभे. त्यांनी वाटेत बरंच काही ठरवलं होतं, मला गाडीत म्हणूनही दाखवलं होतं, धीर, जिद्द, मोठमोठ्या खेळाडूंची उदाहरणं. त्यातलं काही बाहेर पडेना. मी तिच्याशेजारी खाली बसले. मला खरोखरच एक गोष्ट कळत नव्हती. फळ्यावर कितीही बाण काढले तरी सुटत नव्हती. तीच विचारली.

“मला एक सांग. तू चेंडू देतेस, तेव्हा बघतेस कुठं?”

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. “म्हणजे?”

“म्हणजे चेंडूकडं, की जिला द्यायचाय तिच्याकडं? अण्णांनी तुझे सामने दाखवले. तू दोन्हीकडं बघत नाहीस.”

सुई थांबली. “तिच्याकडं बघून उपयोग नाही,” ती म्हणाली. “ती तिथून जाणारच हाय की. ती कुठं जाणार, तितं बघायचं.”

“पण तिथं तर कुणीच नसतं.”

“म्हणून तर बघायचं. मोकळं असतं ना.”

“मला नाही समजलं.”

तिनं जाळं बाजूला ठेवलं. अंगणातले चार खडे ओढले, हा बॅक, ही मधली, ही त्यांची. तरी मला समजेना, कारण मला खरंच समजत नव्हतं. तेव्हा ती वैतागून उठली, खांबाला हात लावून, आणि अंगणात उभी राहून दाखवायला लागली. “हे बघा बाई. मी हितं. ती तिकडं. आता तिनं खांदा असा टाकला म्हणजे ती आत जाणार, बाहेर नाही. खांदा बघायचा, पाय नाही.” बोलता बोलता ती दोन पावलं डावीकडं गेली, तिथून वळली, अगदी हळू. सुमनताई चुलीपाशी उलथनं हातात धरून उभ्याच राहिल्या. रेश्माच्या ते लक्षात आलं आणि ती थांबली. मग तीच म्हणाली, “कळलं का आता?”

“अर्धं,” मी म्हणाले.

ती हसली. तिच्या पुढच्या दातात एक बारीक फट आहे, ती मला तेव्हा दिसली.

सुमनताईंनी उलथनं ठेवलं. “चल गं. बाईंना रस्ता दाखवू.”

तो रस्ता मी विसरणार नाही. धरण व्हायच्या आधी पलीकडच्या गावाला जाणारी डांबरी सडक होती. गाव पाण्याखाली गेलं, सडकही गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती पुन्हा वर येते, कडा खाल्लेली, पण मधे घट्ट. आजूबाजूला गाळ असा की माणूस मांडीपर्यंत रुतेल. सडक मात्र सरळ पाण्यात उतरत गेलेली. डॉक्टरांनी कमरेएवढ्या पाण्यात चालायला सांगितलं होतं आणि तळ घट्ट असेल अशीच जागा पाहिजे होती. शहरातल्या मुली त्यासाठी पोहण्याच्या तलावावर जातात. रेश्मासाठी ही सडक होती.

सुमनताई होडीत बसल्या आणि वल्हं हातात घेतलं. होडीच्या कडेला एक हात ठेवून रेश्मा पाण्यात चालायला लागली. घोटे, गुडघे, मांड्या, कंबर. मग वळून परत. पुन्हा आत. मीही साडी खोचून गुडघाभर पाण्यात गेले. पाणी वर कोमट होतं, तळाशी गार. पायाखाली खडबडीत डांबर लागलं. लांब उथळ पाण्यात रोहित पक्षी माना घालून उभे होते, गुलाबीसर, स्वतःच्या कामात. कुणी घाईत नव्हतं.

“पाणी रोज मागं सरतंय,” रेश्मा पाण्यातून ओरडून म्हणाली. “कमरेएवढं सापडायला रोज जरा लांब जावं लागतं.”

“मग बरंच आहे की!” काठावरून अण्णा. त्यांना पोहता येत नाही, म्हणून पॅन्ट दुमडून ते सडकेच्या कोरड्या टोकाला उभे होते.

दमून ती होडीला टेकली. अण्णांकडं बघत म्हणाली, “मोबाइल नाही काढला?”

“नको. आज सुट्टी.”

“काढा की,” ती म्हणाली. मग आईकडं आणि पुन्हा अण्णांकडं बघून, “लंगडी घोडी पाण्यात कशी चालते, बघू दे त्यांना.”

अण्णांनी मोबाइल काढला. त्या चित्रणात अर्धा वेळ आभाळच दिसतं. मला तरी तोच त्यांचा सगळ्यात चांगला कार्यक्रम वाटतो. जेवायला चिलापी माशाचं तिखट कालवण होतं, ज्वारीची भाकरी होती. निघताना सुमनताईंनी विचारलं, “मी फोन करू न्हवं अजून?” अण्णा म्हणाले, “तुम्ही नाही केला तर कार्यक्रम बंद.”

त्या संध्याकाळी आम्ही पाण्यातलं चित्रण लावलं. पहिला फोन चाचांचा. “अण्णा, मैं जो बोला था, वापस लेता हूँ.” सगळ्यांनीच काही मत बदललं नाही. पाण्यात चालणं वेगळं आणि मैदानात पळणं वेगळं, असं म्हणणारे होतेच, आणि ते खरंही होतं. रेश्माही दुसऱ्या दिवशी फोन करून तेच म्हणाली. पण सुमनताईंच्या फोनमागं आता आणखी एक आवाज असायचा, मधेच आईला दुरुस्त करणारा.

पुढं पुण्याकडच्या घाटात पाऊस झाला, धरण भरत आलं, सडक पुन्हा पाण्याखाली गेली. तोवर रेश्मा सोलापूरला येऊन राहिली होती. सकाळी मैदानाला फेऱ्या मारायची, आधी चालत, मग जरा पळत. गोव्याच्या कोच मॅडमनी तिचे रिपोर्ट पाहिले, गुडघा वाकवून पाहिला, उड्या मारायला लावल्या, पुन्हा महिन्यानं या म्हणाल्या. असं बरेचदा झालं. शेवटी थंडीत तिचा करार झाला. आमच्या कट्ट्यानं तिला संघात ठेवलं, असं अण्णा अजून सांगतात. मला तसं वाटत नाही. मॅडमनी आमचा कार्यक्रम एकदाही पाहिला नव्हता, हे त्यांनी स्वतःच मला सांगितलंय. पण ती परत मैदानात उतरली तेव्हा जी गर्दी उभी राहिली, ती त्या उन्हाळ्यानं गोळा केली होती, एवढं मात्र मी पाहिलं.

तो सामना कुणाशी होता, हे आता आठवावं लागेल. आठवतात त्या शेजारी बसलेल्या सुमनताई. आयुष्यात पहिल्यांदा मैदानात आल्या होत्या. डोक्यावर पदर, हात मांडीवर घट्ट. सामना संपत आला तेव्हा मॅडमनी रेश्माला उतरवलं आणि सगळं मैदान उठलं. चाचा रिक्षाचा भोंगा वाजवत होते, तो त्यांनी काढून बरोबरच आणला होता. सुमनताई मात्र बसूनच. बराच वेळ चेंडू तिच्याकडं आलाच नाही. मग आला. तिनं मान वर केली आणि जिथं कुणीच नव्हतं अशा मोकळ्या जागेत तो सोडून दिला. लोक ‘अरे!’ म्हणून ओरडले. आणि मधली मुलगी तिथं पोचली, बरोबर, जणू तिला कुणी बोलावणं धाडलं होतं. तिच्यासमोर फक्त गोलकीपर. तिनं चेंडू आडव्या खांबावरून पार गिरणीच्या भिंतीवर मारला.

सगळं मैदान हळहळलं. मी सुमनताईंकडं पाहिलं. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. “दिला की बरोबर,” त्या म्हणाल्या. “मारणारीचं ती बघंल.”

आणि मला उरलेलं अर्धं कळलं.

त्या वर्षी संघ वर गेला नाही. अजूनही गेला नाही. यंदा तर अगदी थोडक्यात राहिला. रेश्मा खेळतेच आहे, थंडीत गुडघा कुरकुरतो म्हणते. अण्णांनी चार माग विकले, बाकीचे चालू ठेवलेत. टेबलफॅन बदलला, तूस तीच. मी अजून त्यांच्यासमोर बसते. आता मला बरंच कळतं, त्यामुळं माझा उपयोग कमी झालाय, असं अण्णांचं मत आहे. लोक विचारतात, सामने नसताना तुम्ही रोज बोलता तरी काय? मी म्हणते, या आणि ऐका. पीक काढून झाल्यावर रान रिकामं दिसतं, पण शेतकऱ्याला विचारा, नांगरट तेव्हाच असते. मला माझी निवृत्ती त्या उन्हाळ्यात कळली ती अशी. कुणी समजावून सांगितली नाही. मोकळी जागा दिसली की तिथं कुणीतरी पोचणार आहे, असं धरून चालायचं, एवढंच मी शिकले, आणि तेही एका पंचविशीतल्या मुलीकडून.

काल संध्याकाळी, यंदाच्या ऑफसीझनच्या पहिल्या कट्ट्यावर, रेश्मा पाहुणी म्हणून आली होती. गोलकीपर कोण येणार, कोच मॅडम राहणार की जाणार, नेहमीचं सुरू झालं होतं. मधेच एक फोन आला. आवाज कन्नड वळणाचा, बाईचा, घाबरलेला.

“नमस्कार री अण्णा. दुधनीवरून बोलते. संघाचं नाही, माझंच विचारायचं होतं. विचारू का री?”

“विचारा की.”

“मी अडत बाजारात धान्य निवडायच्या कामाला जाते. आम्ही सात-आठ बायका आहोत. काम सुटलं की तिथंच मोकळ्या पटांगणात चेंडू खेळतो. माणसं हसतात, हसू दे. माझी मोठी लेक नववीला आहे. तर... आता नीट शिकायचं म्हटलं, तर उशीर झाला का री?”

अण्णा माझ्याकडं बघायला लागले, मी अण्णांकडं. मी काहीतरी चांगलं, बाईला शोभेलसं बोलणार होते. रेश्मानं हात लांब करून मोबाइल गठ्ठ्यावरून उचलला आणि तोंडाजवळ धरला.

“उशीर कसला ताई? आत्ताच तर वेळ हाय, सामनेच नाहीत. रविवारी येते मी तुमच्याकडं. बुटाचं माप सांगा.”

मग त्या बाईनं फोन बाजूला धरून कुणाला तरी कन्नडमध्ये हाक मारली, कुणीतरी किंचाळलं, कुणी खिदळलं, आणि पटांगणावरच्या त्या सगळ्या बायका एकमेकींच्या आवाजावर आवाज चढवत आपापल्या पायांची मापं ओरडून सांगायला लागल्या.